सेलमध्ये घेतलेला श्वास

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर रोज कुणीतरी मोबाइल माझ्या नाकासमोर धरतं आणि म्हणतं, "ताई, हीच गोळी ऑनलाइन स्वस्त हाय की." मी म्हणते, "मग तिकडनंच मागवा. ताप चढला की तो मोबाइलच कपाळाला लावून बसा." गिऱ्हाईक हसतं आणि माझ्याकडूनच गोळी घेतं, कारण ताप आज आलेला असतो आणि पार्सल परवा येणार असतं. सांगायचं काय, तर ऑनलाइन या शब्दाशी माझं वैर जुनं आणि धंद्याचं आहे. घरातला मिक्सर, कुकर आणि दोन-चार साड्या मी तिकडूनच मागवल्यात, ती गोष्ट वेगळी.

त्यामुळे समुद्रापासून इतक्या लांब, तासगावात बसून, माझ्या नवऱ्यानं पाण्याखाली श्वास घ्यायचं सामान ऑनलाइन मागवायचं काढलं, तेव्हा मला राग नक्की कशाचा आला हे आजही नीट सांगता येत नाही. सामानाचा, ऑनलाइनचा की नवऱ्याचा? बहुतेक तिन्हीचा.

आधी हे काय काम करतात ते सांगते. मेडिकलला लागूनच ह्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारीतली तार उपसायची आणि नवी भरायची, हे दुकानातलं काम. पण आमच्याकडं द्राक्षबागा, आणि बागा म्हटलं की खोल विहिरी. कधी पाइपाचा जोड सुटतो, कधी दोर तुटतो, आणि मोटार तळाला जाऊन बसते. मग ह्यांना फोन येतो. हे जातात, कमरेला दोर बांधतात, हातात लोखंडी वजन घेतात, छाती भरून दम घेतात आणि खाली जातात. तळाशी चाचपडत मोटारीला साखळी अडकवायची आणि वर यायचं. सगळं काम एका दमात. लग्नाच्या आधीपासून हे असंच चाललेलं आहे.

लग्न झाल्या झाल्या मी एकदा कौतुकानं बघायला गेले होते. हे पाण्यात शिरले, वरचं पाणी मिटलं, आणि मग काही म्हणजे काहीच नाही. एक बुडबुडा नाही की लहर नाही. आत माणूस गेलाय याची विहिरीला जशी काही खबरच नव्हती. मला तिथंच काठावर ओकारी झाली. त्यानंतर मी कुठल्याही विहिरीवर गेले नाही. हे "जरा जाऊन येतो" म्हणाले की मी दुकानातली औषधांची खोकडी इकडची तिकडं लावत बसायची, ते परत येईपर्यंत.

ह्यांचा एक जोडीदार होता, आटपाडीकडचा. दोघं एकत्रच हे काम शिकले. मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता तो एका विहिरीत उतरला तो वर आलाच नाही. खाली पाय केबलमध्ये गुंतला आणि दम संपला. त्याला वर काढायला दुसरं कोण जाणार? हेच गेले. घरी आले, अंघोळ केली, आणि पुढं कितीतरी दिवस कामापुरतंसुद्धा बोलले नाहीत. मला त्या माणसाचं वाईट वाटत होतं, त्याच्या बायकोचं तर फारच. पण खोटं कशाला बोलू, मनात एक वाटत होतं की आता हे काम सुटलं.

तर एक दिवस जेवताना म्हणाले, "त्याला अजून जरा वेळ मिळाला असता तर पाय सोडवून आला असता गं. जरासाच. आणि मलाबी आता पयल्यागत दम धरवत न्हाई. हवेची टाकी घ्यावी म्हणतो."

माझा घास हातातच राहिला. ज्या माणसाला काम सोडायचं सुचायला हवं होतं, त्याला टाकी सुचली होती.

ह्यांच्याशी भांडून काही मिळत नाही, हे मी संसारात लवकर शिकले. म्हणून मी उलटा डाव टाकला. म्हटलं, "घ्या की. पण घ्यायची तर पुण्यातल्या नाहीतर मुंबईतल्या चांगल्या दुकानातून, वॉरंटीसकट, पक्क्या बिलाची. श्वासाच्या वस्तूत काटकसर नको." बोलणं शंभर नंबरी शहाणपणाचं होतं. पण पोटात वेगळंच होतं. माझा नवरा चपलेचा अंगठा पुन्हा पुन्हा शिवून घेणारा आणि शेवटी चांभारानंच हात जोडल्यावर नवी चप्पल बघायला जाणारा. दुकानातली किंमत ऐकून तो आपणहून गप बसेल आणि वाईटपणा माझ्याकडं येणार नाही, असा माझा हिशेब. आणि झालंही तसंच. ह्यांनी दुकानाला फोन लावला, किंमत ऐकली, फोन ठेवला आणि तांब्याभर पाणी प्यायले. मी आत जाऊन देवापुढं दिवा लावला.

दिव्याची जरा घाईच झाली म्हणायची. कारण पक्कं काम करावं म्हणून मी माझ्या भावाला बोलावून घेतलं. तो शिरवळच्या एका कारखान्यात सेफ्टीचा साहेब आहे. रस्त्यात खड्डा दिसला तरी त्याच्याभोवती पिवळी पट्टी बांधावी असं त्याला वाटतं. म्हटलं, ये आणि दाजींना चांगला घाबरव. तो रविवारी शिरवळहून आला, सगळं ऐकून घेतलं, मोबाइल उघडला, आणि त्याचे डोळे असे काही चमकले की मी कपाळाला हात लावला.

"दाजी, ऑनलाइन निम्म्यात मिळतंय!"

"तुला धोके सांगायला बोलावलंय," मी म्हणाले.

"सांगतो की, ताई. पण आधी किंमत तरी बघ."

सख्खा भाऊ असा फितूर झाला. ती दुपार दोघांनी ह्यांच्या दुकानात, तारेच्या गुंडाळ्यांमध्ये बसून काढली, आणि मी मधल्या दारात उभी राहून एकेक वाक्यात काडी घालत होते. भावाचं म्हणणं होतं की चष्मा आणि पायातले पंख ऑनलाइन घेतले तर बिघडत नाही, फार तर मापाला बसणार नाहीत. टाकी मात्र तशी मागवायची नाही. तिच्यावर तपासणीची तारीख ठोकलेली असते, ती डोळ्यांनी बघूनच पुण्यात घ्यायची. खरा प्रश्न होता तो तोंडात धरायच्या यंत्राचा. रेग्युलेटर म्हणतात त्याला. टाकीत हवा दाबून कोंबलेली असते, ती छातीला झेपेल अशी मऊ करून तोंडात सोडायचं काम त्याचं. तो नकली निघाला तर? वॉरंटी परदेशातली असली तर? बिघडला तर दुरुस्त कोण करणार?

"दुरुस्त? मी काय मेलोय व्हय?" हे म्हणाले.

"अजून नाही," मी दारातून म्हणाले.

ह्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. "पावणं, नकली बेअरिंग मला नुसतं हातात घेतलं की कळतं. ही वस्तू काय वेगळी न्हाई. हातात आली की सांगतो खरी हाय का खोटी."

"हातात यायच्या आधी पैसे जातात," मी म्हणाले.

"परत करायची सोय हाय की."

"पण दाजी, तुम्ही पाना लावून उघडलंत की वॉरंटी गेली," भाऊ म्हणाला.

"आणि उघडल्याबिगर कळायचं कसं?"

मग दोघांनी लोकांचे अभिप्राय वाचायला घेतले. एकानं पाच तारे दिले होते, वस्तू वेळेवर पोचली, अजून वापरलेली नाही. दुसऱ्यानंही पाच दिले होते, पुतण्याला वाढदिवसाला दिली, रंग आवडला. तिसऱ्यानं एकच तारा दिला होता, कारण खोका एका बाजूनं फाटला होता. हे प्रत्येक अभिप्रायाला मान डोलवत होते. शेवटी मला राहवेना. म्हटलं, "खाली गेल्यावर ज्याची वस्तू बंद पडली, त्यानं काय लिहिलंय ते शोधा की." दोघं माझ्याकडं बघायला लागले. "सापडायचं नाही," मी म्हणाले, "तो लिहायला वर आला नसेल."

ह्यांचा चेहरा उतरला. जोडीदार आठवला असणार. मला वाईट वाटलं, पण शब्द परत घेतले नाहीत. तेवढ्यानंतर तरी विषय संपेल असं वाटलं होतं. हे उठले, हात पुसले आणि म्हणाले, "म्हणूनच शिकून घेतो आधी."

मग मी तोच धागा धरला. शिकायचं तर रीतसर, मालवणला जाऊन, आणि त्याआधी मिरजेच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट. मिरजेत एवढी हॉस्पिटलं आहेत, पन्नाशी उलटलेल्या माणसाला एक तरी डॉक्टर नको म्हणेल. डॉक्टरांनी कान बघितले, छातीला नळी लावली, फुंकायला लावलं, पुन्हा फुंकायला लावलं, आणि बाहेरच्या शिकाऊ डॉक्टरांना हाक मारून आत बोलावलं. या वयात अशी फुप्फुसं बघायला मिळत नाहीत म्हणून! सर्टिफिकेट हातात पडलं. येताना हे वडापच्या जीपमध्ये छाती पुढं काढून बसले होते.

मालवणला मात्र ह्यांची जिरली. शिकवणारी मुलगी आमच्या पुतणीच्या वयाची, आणि दर दोन मिनिटांनी ओरडायची, "काका, दम धरू नका!" ह्यांना कळेना. आयुष्यभर दम धरून पोट भरलेलं. तिनं समजावून सांगितलं, की टाकीतली हवा खाली दाबाखाली छातीत जाते. ती कोंडून तुम्ही वर आलात की हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. श्वास सतत चालू ठेवायचा. आणि कधी एकदम वर यायची पाळी आलीच, तर तोंड उघडं ठेवून 'आऽऽ' करत, हवा सोडत यायचं. म्हणजे ज्या एका गोष्टीत ह्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता, तीच नेमकी इथं करायची नव्हती.

घरी आल्यावर हे मोरीत बादलीपुढं बसून 'आऽऽ'चा सराव करायला लागले. शेजारच्या काकूंनी विचारलं, "गाणं शिकायला लागले का गं?" मी म्हटलं, "हो, मिरजेला जाऊन आल्यापासून लागलंय ते."

एवढं सगळं होईपर्यंत दसऱ्याचा सेल आला, आणि निम्मी किंमत अजून खाली उतरली. आता ह्यांना देव आला तरी थांबवू शकला नसता. ऑर्डर घालायला गेले तर 'आपल्या पिनकोडवर ही वस्तू पोचवता येत नाही' असं आलं. मी मनात म्हटलं, चला, निदान पोस्टखातं तरी माझ्या बाजूला आहे. पण शिरवळ हायवेवर. भावानं पत्ता त्याचा घातला, आणि पार्सल स्वतःच्या गाडीत, मागच्या सीटला पट्टा लावून घेऊन आला.

टाकी पुण्याहून आली, भरूनच. पुढं भरायची कुठं यावर आळीत चर्चा झालीच. कुणी म्हणालं, नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडं हवेचं मशिन आहे. कुणी म्हणालं, मिरजेहून हॉस्पिटलचा ऑक्सिजन भरून आणा, तो तर अजून चांगला. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मेडिकलवाली म्हणून पहिल्यांदाच माझं मत कुणी विचारत होतं. म्हटलं, पंक्चरच्या मशिनची हवा तेलकट असते आणि तेवढा दाब तिला झेपतही नाही. आणि निव्वळ ऑक्सिजन खोल पाण्यात औषध राहत नाही, विष होतं. "भरायची ती पुण्यालाच. नाहीतर मी ती टाकी भंगारात घालीन." हे "बरं" म्हणाले, पण पुण्याला गाडी करून जायला-यायला डिझेल किती लागेल हा विचार तोंडावर स्पष्ट दिसत होता.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्या दुकानातल्या सगळ्या हत्यारांना सुट्टी असते. पाने, पुलर, हातोडे, मीटर, वाइंडिंगचं मशिन, सगळं पुसून मांडायचं, हळदकुंकू, अक्षता, झेंडूची फुलं, नारळ. यंदा मधोमध रेग्युलेटर होता. ह्यांनी सगळ्यांत जास्त वेळ त्याच्यापाशी काढला. ओली हळद लावली, कुंकू लावलं, आणि अक्षता मुठीनं वाहिल्या, त्याही नेमक्या तोंडात धरायच्या रबरावर, कारण जीव त्याच्यातूनच जाणार-येणार. डोळे मिटून बराच वेळ उभे होते. माझा भाऊसुद्धा हात जोडून उभा होता, सेफ्टीचा साहेब असून. मीही जोडले. त्या क्षणी माझ्या मनात कुठलाही डाव नव्हता, एवढंच म्हटलं की ह्यांना सांभाळ रे बाबा.

दसरा झाल्यावर काम आलंच. गावाबाहेरच्या एका बागायतदाराची मोटार विहिरीत पडली होती. त्यांचं घर आमच्या येण्या-जाण्यातलं, मला ते वैनी म्हणतात. या वेळी मी म्हटलं, मी येणार. भाऊ रजा टाकून आला होता, डोक्यावर हेल्मेट आणि गळ्यात शिट्टी. पोहायला येत नाही म्हणून तो विहिरीपासून चार हात लांब उभा होता. दोराची भाषा ठरली. एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे वर ओढा.

हे पायऱ्यांवरून पाण्यात उतरले आणि दिसेनासे झाले. वरचं पाणी मिटलं. तोच जुना पहिला दिवस डोळ्यांपुढं आला. आणि मग, माझ्या डोळ्यांसमोर, पाण्यावर बुडबुड्यांचा एक घोस वर आला. जरा थांबून दुसरा. मग तिसरा. मी बघतच राहिले. शेजारी झोपलेला माणूस जसा श्वास घेतो, आणि इतक्या वर्षांत तो आवाज आपल्याला पाठ झालेला असतो, अगदी तसेच ते येत होते. इतकी वर्षं हा माणूस विहिरीत जात होता, पण तिथं खाली तो जिवंत आहे हे मला पहिल्यांदाच दिसत होतं. मला हसू यायला लागलं. मी भावाला म्हटलंसुद्धा, "बघ, बघ, चाललेत."

तेवढ्यात बुडबुडे बिघडले. एकदम उकळी फुटावी तसं पाणी वर आलं. दोराला दोन हिसके बसले. भावानं शिट्टी वाजवली, कुणाला आणि कशाला, ते त्यालाच माहीत. बागायतदारानं आणि मी दोर ओढायला घेतला, आणि हे वर आले ते तोंड आ वासून, डोळे पांढरे करून, 'आऽऽऽ' ओरडत. पायरीवर आणून टाकल्यावर खोकून खोकून पाणी काढलं. मी पाठीवर थापट्या मारत होते. पाणी संपल्यावरही मारत होते. "बास की," हे म्हणाले, "आता लागतंय." "लागू दे," मी म्हणाले आणि मग तिथंच पायरीवर बसून रडले.

झालं असं होतं की पहिले काही श्वास बरे गेले, आणि मग प्रत्येक श्वासाबरोबर हवेच्या सोबतीनं पाणीही तोंडात यायला लागलं. बागायतदार म्हणाले, "आनलाइनचा माल! आणि काय हुनार?" भाऊ हेल्मेट काढून खाली बघत होता. जी गोष्ट मी इतके दिवस सांगत होते, ती आता सगळं गावच म्हणत होतं. घरी येऊन मी अभिप्राय लिहिला. एक तारा. असा लिहिला, की वाचणाऱ्याला घाम फुटावा. परत करायची मुदत अजून होती. कंपनीनं कळवलं, बिघाडाचा फोटो पाठवा, पैसे परत मिळतील.

फोटोसाठी ह्यांनी रेग्युलेटर दुकानातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून उघडला. वॉरंटीचं आता काय राहिलं होतं! तेवढ्यात बाहेर कुणीतरी जळालेली मोटार घेऊन आलं, म्हणून हे उठून गेले. मी मोबाइलचा दिवा लावून आत बघत होते. श्वास सोडला की हवा बाहेर जावी आणि पाणी आत येऊ नये, म्हणून तिथं रबराची एक पातळ चकती असते. त्या चकतीच्या काठाखाली, तिला किंचित उचलून धरून, एक तांदूळ बसला होता. अख्खा. कुंकवानं लाल झालेला.

मी बाहेर बघितलं. हे गिऱ्हाइकाशी बोलत होते, पाठ माझ्याकडं होती. नखानं उडवला असता तर तांदूळ गेला असता. फोटो गेला असता, पैसे आले असते, सामान गेलं असतं, आणि ऑनलाइनबद्दल माझं म्हणणं कायमचं खरं ठरलं असतं. मला हवं होतं ते सगळं त्या नखाएवढ्या अंतरावर होतं. मग वाटलं, सामान गेलं तर हे काम सोडतील? ह्यांना मी ओळखते. पुन्हा हातात वजन घेतील, छाती भरून दम घेतील आणि खाली जातील, आणि वरचं पाणी मिटेल. मला तो बुडबुड्यांचा घोस आठवला.

"अहो," मी हाक मारली, "इकडं या. तुमच्या अक्षता सापडल्या."

हे आले, वाकून बघितलं, आणि चिमट्यानं तांदूळ उचलून तळहातावर घेतला. नकली बेअरिंग नुसतं हातात घेऊन ओळखणारा माणूस! सेल, वॉरंटी, पिनकोड, लोकांचे अभिप्राय, सगळ्यावर दोन महिने काथ्याकूट झाला होता. पण आमच्या देवभोळेपणाचा धोका कुणीच धरला नव्हता, माझ्या सेफ्टीवाल्या भावानंसुद्धा. शेवटी हे म्हणाले, "माल चांगला निघाला म्हणायचा." मी अभिप्राय बदलला. पाच तारे दिले आणि लिहिलं, 'वस्तू उत्तम आहे. पूजेत ठेवू नये.'

ह्यांनी एकेक भाग धुतला, पुसला, जोडला, बादलीत तोंड घालून तपासला. मग पुन्हा त्याच विहिरीवर गेलो, कारण मोटार अजून तळालाच होती. भावाची रजा संपली होती. "दोर कुणाच्या हातात देऊ?" हे म्हणाले. "माझ्या," मी म्हणाले. मेडिकलला कुलूप लावलं आणि शेजारच्या चहावाल्याला सांगून ठेवलं, कुणाला ताप आला तर ऑनलाइन मागवा म्हणावं.

हे खाली गेले. घोस आला, जरा थांबून दुसरा, मग तिसरा. सगळं ओळखीचं. मी काठावर मांडी घालून बसले होते, दोर हाताला गुंडाळून. बागायतदार चहा घ्या म्हणाले, मी म्हटलं, हात मोकळा नाही. आणि मग बुडबुडे थांबले.

मी वाट बघितली. पाणी मिटलेलं होतं, अगदी त्या पहिल्या दिवसासारखं. एक हिसका दिला. खालून लगेच एक हिसका आला, ठीक. पण बुडबुडा काही येईना. मला तो ठीक नको होता. मी एकामागोमाग तीन हिसके दिले, जे कशात ठरलेलेच नव्हते. तेव्हा कुठं पाण्यावर एक भलामोठा घोस फुटला.

साखळी अडकवून हे वर आले ते चिडूनच. तोंडातलं काढून म्हणाले, "तीन हिसकं कशाचं? तसं काय ठरलं न्हवतं."

"बुडबुडे का थांबले?"

"हवा वाचवत हुतो गं. मधनंमधनं दम धरला की टाकी जास्ती पुरती. भरायला पुण्याला जायाचं म्हंजी डिझेल काय कमी लागतंय व्हय?"

मी किती मोठ्यानं ओरडले हे मला नंतर बागायतदारांनी सांगितलं. बागेतली माणसं काम टाकून बघायला आली म्हणे. "चपला शिवा," मी म्हणाले, "डिझेल वाचवा, सेल बघून काय घ्यायचं ते घ्या. पण श्वास वाचवायचा नाही! त्या पोरीनं घसा फोडून सांगितलं ना तुम्हाला, दम धरू नका म्हणून? टाकी संपली तर पुण्याला मी चालत जाईन आणि डोक्यावर भरून आणीन. मला बुडबुडे दिसले पाहिजेत. मी इथं काठावर बसते ते काय मोटार बघायला? इतकी वर्षं मी दुकानात खोकडी लावत बसले, तुम्ही आहात का नाही ते न कळता. आता नाही बसणार."

हे मानेएवढ्या पाण्यात उभे राहून माझ्याकडं बघत होते. चष्मा कपाळावर होता. जोडीदाराला वर काढून आले होते त्या दिवशी जसे दिसत होते, तसेच दिसले. मग "बरं," म्हणाले.

तळाशी पाइप राहिला होता, म्हणून पुन्हा खाली गेले. पाणी मिटायच्या आतच बुडबुडे आले. मग अजून आले, त्यावर अजून, एका माणसाला लागतात त्याहून पुष्कळ जास्त, विहीर भरून. पाइप शोधायला एवढी हवा लागत नाही, ती मला दाखवायला सोडलेली होती. माझ्या नवऱ्याला इतकी उधळपट्टी करताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.